जगदेवीआत्याची स्थळांची फाईल

आमच्या जगदेवीआत्याला दिंद्रुडात दोन गोष्टींपायी मान हाय. तिच्या पोटातलं ओठावर येत न्हाई, आणि तिच्यापाशी कॉम्प्युटर हाय. दोन हजार एकच्या श्रावणात त्या कॉम्प्युटरनंच तिच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, शिवांजलीचं, जमत आलेलं लग्न मोडायची पाळी आली. मी तवा परळीच्या कॉलेजला होते आणि सुट्टीचं आत्याच्या दुकानात बसायचे, म्हणून मला सगळं माहिती.

दुकान स्टँडसमोर. आधी नुसतं एसटीडीचं पिवळं खोकं होतं. आत्याचे मालक वारले तवा तिचा एकुलता एक अमरनाथ सातवीत होता. आत्यानं रडणं आटोपलं आणि माजलगावला टायपिंगचा क्लास लावला. वय अडतीस. क्लासात सगळ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरी, त्या हिला मावशी म्हणायच्या आणि ही त्यांच्यापेक्षा जोरात मशीन हाणायची, उखळात मिरच्या कुटल्यासारखी. पूर्णविरामाच्या जागी कागदाला भोक पडायचं. पुढं ती दुकानात लोकांचे अर्ज टाईप करून द्यायला लागली, तर तहसीलमधला कारकून म्हणायचा, अर्ज उजेडात धरला आणि चांदण्या दिसल्या की समजावं दिंद्रुडच्या जगदेवीबाईंचा हाय.

पुढं अमरनाथ पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला आणि त्यानं तिला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. मराठी टाईप करायचा फाँट तेवढा न्हवता, तो परळीच्या मन्मथअप्पांच्या छापखान्यातून फ्लॉपीवर आणला. हे मन्मथअप्पा आमच्याच समाजातले, लिंगायत, लग्नपत्रिका छापणारे. आणि मंग आत्याकडं बायोडाटे यायला लागले. परळी, अंबाजोगाई, लातूर, पार उदगीरपर्यंत आमच्यातल्या लोकांच्या पोरापोरींचे बायोडाटे आत्याच टाईप करायची आणि इंटरनेट लावून पोरांच्या ऑफिसात नायतर दवाखान्यात ईमेलनं पाठवायची.

टाईप करता करता ती इकडचं तिकडचं इचारायची. बाप म्हणायचा, मुलगी शांत हाय, आणि शेजारी बसलेली आई बापाकडं बघायची. ते बघणं आत्या ध्यानात ठेवायची. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी एका फाईलीत लिहून टाकायची. फाईलीचं नाव इंग्रजीत STHAL. आत असं असायचं:

“निलंगा. मुलगा इंजिनिअर. फोटो चार वर्षांपूर्वीचा, तवा केस होते.”

“लातूर. डॉक्टर. आई म्हणते मुलाला कसलाच नाद न्हाई. मुलगा त्या वक्ताला बाहेर पानाच्या टपरीवर होता.”

ही फाईल तिनं कधी कुणाला दाखवली न्हाई. कुणी येऊन इचारलं, जगदेवीबाई, अमकं स्थळ कसं हाय, की ती फाईल उघडायची, स्क्रीन आपल्याकडं फिरवायची, वाचायची आणि दोनातलं एक बोलायची. “बघा तुमी” किंवा “थांबा जरा.” थांबा जरा म्हणलं की माणूस कावून, कशापायी म्हणून इचारायचा न्हाई, चहा तसाच ठेवून उठायचा.

आता आत्या ईमेलच्या बाबतीत किती चोख होती ते सांगते, कारण फुडं जे झालं ते येड्या माणसाच्या हातून झालं असं कुणाला वाटू नये. कॉम्प्युटरवर कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ती तोंड फिरवून भिताडावरच्या कॅलेंडरकडं बघत बसायची. आणि आलेल्या मेलला ती दारात आलेल्या पाव्हण्यासारखं इचारायची, पाव्हणं कुठलं, कोण गाव, कुणाचे. पत्त्यातल्या गोल ए च्या आधी असतं ते नाव, आणि नंतर असतं ते गाव. नाव कुणीबी कायबी लावतं, गाव बघायचं, असं तिचं म्हणणं.

एकदा रिटायर झालेले भगवानराव गुरुजी आले. त्यांना मेल आलता की तुमचं ईमेलचं खातं उद्या बंद होणार, ताबडतोब पासवर्ड पाठवा. गुरुजी घामाघूम.

“गाव बघा गुरुजी,” आत्या म्हणली.

“बरोबर तर हाय की.”

“एक अक्षर बदललंय. माजलगावच्या जागी माजळगाव लिहिलेल्या एसटीत बसाल का तुमी?”

“न्हाई बसणार.”

“मंग? आन पोस्टमन कधी घराची चावी मागतो का? त्यानं चिठ्ठी टाकायची आन जायचं.”

महिन्यानं गुरुजी पुन्हा आले. परदेशातल्या कुण्या विधवा बाईचं मेल, नवरा मंत्री होता, लई इस्टेट ठेवून गेला, ती सांभाळायला भरवशाचा माणूस पायजे. गुरुजी हळवे झालते.

“बाई अडचणीत हाय, जगदेवीबाई.”

“तिला दीर न्हाईत? भाचे न्हाईत? सगळी दुनिया सोडून तिनं दिंद्रुडचे भगवानराव हुडकले?”

“माझं नाव कुठून कळलं असंल तिला?”

“तिला न्हाई कळलं गुरुजी. तिनं वर ‘प्रिय मित्र’ लिहिलंय. तुमचं नाव ठाऊक असतं तर लिहिलं नसतं का?”

गुरुजींनी पुन्हा एकदा वाचलं आणि घरी गेले. पण ती बाई त्यांच्या मनातून गेली न्हाई, पुढं दोन महिने ते इचारायचे, तिचं काय झालं असंल.

तर अशी आत्या. आणि त्या साली शिवांजलीसाठी स्थळ आलं ते मन्मथअप्पांचं, त्यांचा केदारनाथ, पुण्यात नोकरीला. बघायच्या कार्यक्रमात सगळे गप बसलते, मंग केदारनाथच्या हातून पोह्याची ताटली कलंडली आणि तो स्वतःलाच हसला, आणि आमची शिवांजली, जी तीन स्थळांसमोर दगडासारखी बसलती, ती पण हसली. आत्यानं फाईल बघितली आणि “बघा तुमी” म्हणली न्हाई, “करा” म्हणली. असं ती आधी कधी म्हणली न्हवती. श्रावण झाला की साखरपुडा ठरला. शिवांजली भाकरी थापता थापता एकटीच हसायला लागली, आणि मी चिडवलं की पीठ फेकून मारायची.

श्रावणातला शनिवार होता. आत्यानं इंटरनेट लावलं, मशीन नेहमीसारखं किंचाळलं आणि अमरनाथचा मेल आला. इंग्रजीत होता, मी वाचून सांगितला. कशी हायस, ही फाईल तुझ्या सल्ल्यासाठी पाठवतोय, लवकर भेटू.

आत्या खुर्चीत सरळ झाली. “काय पायजे म्हणला?”

“सल्ला.”

“माझा?”

तिनं चष्मा पुसला. तीन वर्षं पोरगं पुण्यात होतं. नोकरी त्यानं आपल्या मनानं धरली, खोली आपल्या मनानं बदलली, एकदा दात काढला तेबी नंतर सांगितलं. आज पहिल्यांदा सल्ला मागत होता. नाव अमरनाथचं, गाव अमरनाथचं. फाईलीच्या नावाला शेवटी दोन शेपट्या होत्या, एक टिंब आणि काईतरी, मंग पुन्हा टिंब आणि काईतरी. मला जरा इचित्र वाटलं, पण मी बोलले न्हाई आणि आत्यानं तर बघितलंच न्हाई. घरच्या पोराला उंबऱ्यावर कोण इचारतं, तुझं गाव कोणतं?

तिनं उघडली. रजेचा अर्ज निघाला, त्याच्या साहेबाच्या नावानं. लिहिलतं, माझी आई अत्यवस्थ असून बीडच्या दवाखान्यात भरती हाय, तरी मला पाच दिवसांची रजा मिळावी.

मी हे मोठ्यानं वाचलं. आत्या धडधाकट समोर बसलेली, हातात अर्धं केळ, शनिवारचा उपास होता तिचा. तिनं ते केळ सावकाश संपवलं, पुन्हा एकदा अर्ज वाचायला लावला, इंटरनेट बंद केलं आणि पुण्याला फोन लावला.

“अमर, मी कोणत्या दवाखान्यात हाय रे?”

“कोणत्या... म्हणजे?”

“न्हाई, डबा घेऊन यायला बरं पडंल मला, म्हणून इचारते.”

“आई, तुला कुणी सांगितलं?”

“तूच सल्ला मागितलास. माझा सल्ला असा हाय की पाचाऐवजी तेराच दिवसांची माग, म्हणजे सगळंच उरकंल.”

“मी तुला काईच पाठवलं न्हाई आई. तो अर्ज मी लिहून ठेवलता, दिला बी न्हवता. थांब. तू फाईल उघडलीस? आई, फोनची वायर काढ कॉम्प्युटरची. तो व्हायरस हाय. हितं निम्म्या ऑफिसात झालाय. तो कॉम्प्युटरमधली एखादी फाईल उचलतो आणि जेवढे पत्ते हायत तेवढ्यांना पाठवून देतो.”

“कोणती फाईल?”

“कोणतीबी. सापडंल ती.”

आत्यानं वायर उपटली, पण अर्ज वाचायच्या नादात इंटरनेट वीस मिनिटं चालूच होतं. आमी दोघी एकमेकींकडं बघत असताना दुकानातला फोन वाजला. लातूरच्या डॉक्टरच्या आई होत्या.

“जगदेवीबाई, आमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं स्थळ आलंय बघा.”

आत्याच्या हातातला फोन खाली आला, तिनं तो पुन्हा वर केला. “मी न्हाई पाठवलं.”

“अहो, तुमचंच नाव हाय. वर इंग्रजीत स्थळ लिहिलंय. सल्ल्यासाठी पाठवतेय म्हणलंय.”

“उघडू नका.”

“कावून? कुणाचं हाय?”

“कुणाचंच न्हाई.”

“मंग उघडायला काय झालं?”

“किडा हाय त्यात, काकू. कॉम्प्युटरला लागतो.”

“आमचा दवाखानाच हाय,” त्या म्हणल्या आणि फोन ठेवला.

आत्याच्या कॉम्प्युटरात अमरनाथचा सोडून सोळा पत्ते होते आणि सोळाच्या सोळा पोरांकडचे. ज्या घरात लग्नाचं पोरगं हाय, त्या घरात स्थळ नावाची फाईल कोण न उघडता ठेवंल? चोराला ठाऊक असतं तर त्यानंबी याच्याइतकं नामी नाव ठेवलं नसतं. आत्यानं डायरी काढली आणि एकेकाला फोन लावायला बसली. उघडू नका म्हणलं की जो उघडणार न्हवता तोबी उघडायचा. निलंग्याचे लोक म्हणले, आमाला सोडून दुसऱ्यांना दाखवायचंय का? आणि मंग एकेकाचे फोन उलटे यायला लागले.

“जगदेवीबाई, उघडलं. नुसतं इंग्रजी दिसतंय, तेबी वाकडं. मुलगी परदेशातली हाय का?” हे लातूर.

“आमच्या कंपाउंडरनं बघितलं, त्यो म्हणतोय ही पत्रिका हाय, ज्योतिषाला दाखवा.” हे उदगीर.

चौथ्या फोनला माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठी फाँट त्यांच्यापाशी न्हवताच, म्हणून सगळ्या अक्षरांचा कचरा झालता. मी सांगितलं तशी त्या दिवसात पहिल्यांदा आत्याच्या तोंडावर रंग आला. मी तर नाचायचीच बाकी होते.

शिवांजली कधी येऊन दारात उभी राहिलती कुणाला कळलं न्हाई. ती म्हणली, “परळीला फाँट हाय ना?”

फाँट आला होता तोच मुळी परळीहून.

“काय लिहिलंय त्यांचं?” शिवांजलीनं इचारलं.

आत्याला पाठच होतं, भिताडाकडं बघून तिनं सांगितलं. “परळी. केदारनाथ. मुलगा निर्मळ, हसला की खरं हसतो. बाप सज्जन. आईला दमा हाय, लपवतात. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई, समदा बोजा सुनंवर. दमा वाईट न्हाई, लपवणं वाईट. तरी करावं.”

शिवांजलीला दम्याचं आत्ताच कळत होतं, आणि लग्न मोडणार हेबी आत्ताच. कोणत्या गोष्टीचं आधी वाईट वाटून घ्यावं असं तिचं तोंड झालं आणि ती घरी निघून गेली. मला आत्याचा राग आला, मंग अमरनाथचा आला, मंग माझाच आला, दोन शेपट्या दिसल्या तवा मी बोलले कावून न्हाई.

परळीला फोन लावला. उचलला न्हाई. रविवारी लावला. छापखान्यातल्या माणसानं उचलला आणि म्हणला, अप्पा कामात हायत.

“कसल्या कामात?”

“वाचत बसलेत. कालपासनं.”

आत्यानं फोन इतका हळू ठेवला की आवाज आला न्हाई.

रविवारीच अमरनाथ आला. त्याचाबी एक किस्साच झालता. व्हायरसनं त्याचा अर्ज त्याच्या साहेबालाबी पाठवला, साहेबानं तो वाचला, स्वतः त्याच्या टेबलापाशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणला, आईपेक्षा मोठं काई न्हाई, आत्ताच्या आत्ता निघ. पोरगं निघालं. आत्यानं त्याला दारातच इचारलं, “डबा कुठंय?” तो मान खाली घालून आत आला आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून होता. सोबत सीडी आणलती, तिनं सगळा व्हायरस धुऊन काढला, आणि त्याची लस कॉम्प्युटरात बसवली. लस दर महिन्याला नवी घ्यायची, कारण रोग नवे येतात, असं त्यानं समजावलं.

“आन घरच्याचंबी मेल आलं तर?” आत्यानं इचारलं.

“सोबत फाईल असंल तर आधी फोन करून इचारायचं, तूच पाठवलीस का. आन फाईलीच्या नावाला दोन शेपट्या दिसल्या तर हातच लावायचा न्हाई. मी पाठवली असली तरी.”

“तू सल्ला मागितलास म्हणून उघडली रे.”

अमरनाथ माऊस हलवत राहिला. मंग म्हणला, “कंपनी बदलावी का म्हणून खरंच इचारायचंय तुला. पण ते जेवताना.”

आत्यानं ती स्थळांची फाईल फ्लॉपीवर घेतली, कॉम्प्युटरातून पुसली आणि फ्लॉपी ज्वारीच्या डब्यात ठेवली. सोमवारी बी परळीहून काई न्हाई. शिवांजलीनं दोन दिवसात कुणालाच पीठ फेकून मारलं न्हाई.

मंगळवारी दुपारच्या गाडीनं मन्मथअप्पा उतरले. कपाळाला विभूती, अंगठ्याला शाई, काखेत कागदांचा गठ्ठा. आत्या, मी, अमरनाथ तिघं उठून उभे राहिलो. आत्या त्यांना दुकानात न बसवता आमच्या घरी घेऊन गेली, लग्न मोडायचंच असंल तर पोरीच्या घरात मोडावं म्हणून. “शरणार्थ” म्हणून नमस्कार झाला, गूळ-पाणी झालं. शिवांजली सैपाकघराच्या दाराआड.

“मेल पोचला,” अप्पा म्हणले.

“अप्पा, मी...”

“सल्ला मागितलात तुमी. मला आजवर कुणी सल्ला मागितला न्हाई, जगदेवीबाई. लोक येतात आन पत्रिका कवा देता एवढंच इचारतात. म्हणून दोन दिवस छपाई बंद ठेवली आन नीट वाचलं.”

त्यांनी गठ्ठा उलगडला. सगळी फाईल छापून आणलती आणि तिच्यावर लाल शाईनं खुणा. काने, मात्रा, वेलांट्या, एक पान सुटलं न्हवतं.

आत्याच्या जागी मी असते तर मान हलवून गप बसले असते. पण ती म्हणली, “अप्पा, खोटं कावून बोलू? मी सल्ला मागितला न्हाई. ते व्हायरसनं पाठवलं, आपोआप.”

अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी कागदं नीट जुळवली. “म्हणजे तुमी मागितलाच न्हाई.”

“न्हाई.”

“मी तर दिला. आता घ्या.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. “‘उंची’ला तुमी दोन जागी ऱ्हस्व उ लिहिला, दोन जागी दीर्घ. एक काय ते ठरवा. उदगीरच्या मुलाचं वय अठ्ठावीस न्हाई. त्याच्या बहिणीची पत्रिका मी छापली तवाच तो अठ्ठावीसचा होता. निलंग्याच्याला केस न्हाईत ते बरोबर हाय, पण माणूस चांगला हाय, ते लिहायचं ऱ्हायलं.”

असं करत करत ते परळीच्या पानावर आले. तिथं लाल शाई सगळ्यात जास्त होती.

“दमा. पाच वर्षं झाली. ‘लपवतात’ हे तुमी बरोबर लिहिलं. मी त्याच्याखाली रेघ मारली. आमी सांगायला पायजे होतं. सून मिळणार न्हाई या भ्यानं न्हाई सांगितलं.” त्यांनी दाराकडं बघितलं. “आन तुमाला ठाऊक नसलेलं एक मी लिहिलंय. केदारनाथ घोरतो. लई.”

दाराआड हालचाल झाली.

“आता राह्यलं शेवटचं पान, मुलींचं. त्याला मी हात लावला न्हाई. मला त्यातलं ठाऊक न्हाई म्हणून. तेच बघायला आलोय.” आणि त्यांनी वाचलं. “‘शिवांजली. माझी सख्खी भाची, म्हणून जास्त खरं लिहिते. राग नाकावर. भाकरी जाड.’”

“आत्या,” शिवांजली बाहेर आली. “माझीबी लिहिलीस? आन जाड? कवापासनं जाड? तूच खातीस ना दर सोमवारी हितं, तवा तोंड शिवलं होतं का?”

“बस ना पोरी, पाव्हणं हायत...”

“पाव्हण्यांपुढंच वाचलंय की. सगळ्या जिल्ह्याला गेलंय.”

अप्पांनी खिशातून लाल पेन काढलं आणि ‘राग नाकावर’च्या फुडं बरोबरची खूण केली. “हे झालं,” ते म्हणले. “दुसरं कसं बघायचं?”

शिवांजली आत गेली. तव्याचा आवाज असा आला की आमी सगळे दचकलो. दहा मिनिटांनी तिनं ताट आणून ठेवलं, भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. अप्पांनी भाकरी मोडली, बोटात धरून कडेनं बघितली, पत्रिकेचा कागद बघतात तशी. खाल्ली. पूर्ण खाल्ली. मंग हात न धुता डाव्या हातानं पेन घेतलं आणि दुसरी खूण केली.

“जाड हाय,” ते म्हणले. “अजून अर्धी आणा.”

आत्या पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार न्हाई, मी स्वतःच रडत होते. आतून शिवांजलीचा आवाज आला, तव्यावरून मान न फिरवता बोलल्यासारखा.

“अप्पा, आईंना दम्यासाठी कोणत्या डॉक्टरला दाखवता?”

“परळीतच. जुना हाय.”

“पाच वर्षांत फरक न्हाई तर बदला त्याला. लातूरला न्या. हे बी लिहून घ्या.”

अप्पांनी परळीच्या पानावर समासात जागा हुडकली आणि बारीक अक्षरात लिहून घेतलं.